मागे जाता येत नसेल, तर का?

गेल्या महिन्यात फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात विज्ञानावर व्याख्यान होतं. ते संपल्यावर बारावीतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "सर, पदार्थविज्ञानाप्रमाणे कालप्रवास शक्य आहे का?" प्रश्न नेमका होता. वक्ते तोंड उघडण्याआधीच पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उभे राहिले आणि ब्रह्मलोकात क्षणभर थांबला तेवढ्यात खाली युगं उलटली, त्या ककुद्मी राजाची कथा सांगू लागले. हे सगळं आपल्या पूर्वजांनी कधीच सांगून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यावर एक निवृत्त शिक्षक तावातावाने उठले. कालप्रवास म्हणजे शुद्ध थोतांड. मागे जाऊन नातवाने आजोबांनाच मारलं तर नातू जन्मणार कुठून, इथेच विषय संपतो, असं त्यांनी बजावलं. मग अर्धा तास सभागृहाचे दोन तट पडले. धर्म आला, अंधश्रद्धा आली, नव्या पिढीचं काय होणार हेही आलं. पदार्थविज्ञान तेवढं आलं नाही. मुलगी कधी खाली बसली ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मी तीस वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवला, आणि त्या संध्याकाळी मीही गप्प राहिलो, ह्याची रुखरुख अजून आहे. म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. त्या मुलीच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत: पुढच्या काळात जाता येतं का, आणि मागच्या काळात जाता येतं का. पहिल्याचं उत्तर 'हो' आहे, आणि ते घड्याळं लावून मोजलेलं आहे. दुसऱ्याचं पक्कं उत्तर आज कोणापाशी नाही. मला स्वतःला वाटतं की ते शेवटी 'नाही' असंच निघेल. पण आजोबांच्या कोड्याने ते 'नाही' सिद्ध होत नाही, आणि 'समीकरणात बसतं' एवढ्यावरून 'हो' ही सिद्ध होत नाही. मागे जायला काय काय लागेल आणि ते निसर्ग देतो का, ह्याचा हिशेब मांडावा लागतो. वाचनालयात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी नेमका तोच टाळला.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. हात पसरलेले फारिया आणि समोर कोसळणारी बाई. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसला गेला तेव्हा तिथेही असेच दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, माणसाला मोहनिद्रा लावणाऱ्याच्या अंगातून चुंबकीय द्रव वाहतो. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने १७८४ मध्ये, त्यात फ्रँकलिन होते आणि लाव्हॉझिएही होते, असा काही द्रव नसल्याचा निर्वाळा दिला होता; तेव्हापासून दुसरा तट सगळ्याच प्रकाराला ढोंग म्हणून मोकळा झाला. फारियांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. झोप खरी आहे, द्रव खोटा आहे, आणि झोपेचं कारण झोपणाऱ्याच्याच मनात आहे. १८१९ मध्ये त्यांनी हे पुस्तकात मांडलं आणि त्याच वर्षी ते वारले. दोन्ही तटांना ते नकोसे झाले होते. पण पुढचं संशोधन त्यांच्याच वाटेने गेलं. कालप्रवासाच्या बाबतीतही आधी तुकडे पाडायला हवेत.

पहिला तुकडा, म्हणजे पुढच्या काळात जाणं, आपल्या मालीमच्या जेटीवर रोज वापरात आहे. तिथे लागलेल्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये जीपीएस असतो; रात्री काळोखात परतताना तांडेल त्याच्यावर विसंबून असतो. हे यंत्र सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून वेळ घेतं. त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथलं अणुघड्याळ आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं. उपग्रहाचा वेग मोठा, म्हणून तेच घड्याळ सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. उरतात ३८ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरांहून जास्त अंतर कापतो, म्हणजे दुरुस्ती केल्यावाचून सुटका नाही. आणि ही दुरुस्ती सुरुवातीला सगळ्यांना पटलेली नव्हती. १९७७ च्या जूनमध्ये जीपीएसच्या तयारीसाठी अमेरिकेने एनटीएस-२ हा उपग्रह सोडला, तेव्हा त्यातल्या घड्याळाला सापेक्षतेची (वेग आणि गुरुत्वाकर्षण काळाची गती बदलतात, ह्या आइन्स्टाइनच्या सिद्धांताची) दुरुस्ती चालू-बंद करायची सोय ठेवली होती. आइन्स्टाइनचं खरं निघेलच अशी काही जणांना खात्री वाटत नव्हती. सुमारे वीस दिवस दुरुस्ती बंद ठेवून घड्याळ पाहिलं. ते ज्या प्रमाणात पुढे पळालं ते प्रमाण सिद्धांताच्या अंदाजाशी एक टक्क्याच्या आत जुळलं. मग दुरुस्ती चालू केली. शंका घेणाऱ्यांचा इथे मला आदर वाटतो. त्यांनी शंका घेतली आणि ती तपासायचा खटकाही बसवून दिला.

असे पुरावे बरेच आहेत. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग ह्यांनी चार सीझियम घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेली तेव्हा ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेली तेव्हा २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. मला मात्र सगळ्यात जवळचा पुरावा म्युऑनचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात जन्मणाऱ्या एका कणाचा वाटतो, कारण त्यात आपल्या होमी भाभांचा वाटा आहे. १९३८ मध्ये केंब्रिजमध्ये असताना भाभांनी लिहिलं की विश्वकिरणांतला असा जड कण आपोआप मोडतो, म्हणजे तो स्वतःच एक घड्याळ आहे. आणि धावत असताना तो जास्त काळ टिकला पाहिजे. म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्यात तो ६६० मीटर जाईल. तो जन्मतो वातावरणात दहा-पंधरा किलोमीटरांवर, आणि तरी जमिनीपर्यंत पोचतो. हे वाचत असताना तुमच्या तळहातातून ते आरपार जात आहेत. सर्न ह्या युरोपातल्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये म्युऑन कड्यात फिरवून मोजले, तर त्यांचं आयुष्य २९ पटींनी वाढलेलं आढळलं.

ह्याला प्रवास म्हणायचा का, असा आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. गेन्नादी पादाल्का हा रशियन अंतराळवीर एकूण ८७८ दिवस अवकाशात राहिला. त्या हिशेबाने तो आपल्यापेक्षा सुमारे दोन शतांश सेकंदांनी तरुण राहिला. दोन शतांश सेकंदांना कोणी प्रवास म्हणेल का? पण दिवाडीची फेरीबोट मांडवी ओलांडते तो प्रवास आणि वास्कोहून लिस्बनला जाणारं जहाज करतं तोही प्रवासच. अंतर कमी-जास्त झालं म्हणून जात बदलत नाही. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने एक वर्ष फिरून कोणी परत आला, तर इथे दहा वर्षं उलटलेली असतील. त्याची धाकटी बहीण त्याच्याहून मोठी झालेली असेल. एवढं इंधन आपल्याजवळ नाही आणि कदाचित कधीच नसेल, ही अडचण खरी. पण ती इंजिनाची अडचण आहे, नियम आडवा येत नाही.

आता ककुद्मीकडे येऊ. भागवताच्या नवव्या स्कंधात ही कथा आहे. मुलगी रेवती हिला योग्य वर कोण, हे विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गंधर्वांचं गाणं चालू असतं, म्हणून क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव सांगतो की तुझ्या मनातले सगळे वर केव्हाच गेले, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. कीर्तनात ही कथा मी लहानपणी ऐकली आहे, आणि तेव्हा अंगावर आलेला काटा आठवतो. काळ सगळीकडे एकाच गतीने चालत नसेल, ही कल्पना माणसाच्या मनात येणं हीच थोर गोष्ट आहे. ती आपल्या परंपरेत आली ह्याचा मला अभिमान आहे. त्या गृहस्थांचं एवढं म्हणणं मी मनापासून मान्य करतो. पण ब्रह्मलोकात काळ किती पटींनी मंद, तो कशामुळे मंद, उंचीमुळे की वेगामुळे, निम्म्या वाटेवर किती मंद असेल, ह्याचं उत्तर त्या कथेतून काढून दाखवता येतं का? आइन्स्टाइनच्या समीकरणातून मालीमच्या ट्रॉलरसाठी ३८ हा आकडा निघतो. कथेतून विस्मय निघतो. दोन्ही हवेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्याच गोव्याचे, १९०७ साली कोसंब्यात जन्मलेले. प्राचीन भारताविषयी प्रेम असणं आणि पुरावा मागणं ह्यांत त्यांना कधी विरोध वाटला नाही. इतिहास लिहिताना त्यांनी तक्षशिलेची हजारो आहत (ठसे उमटवलेली) नाणी तराजूत घालून वजन केलं. हातोहात फिरून नाणं किती झिजलं त्यावरून त्याचं वय काढता येतं, असं त्यांनी गणिताने दाखवलं. पूर्वजांचा मान राखायची हीसुद्धा एक रीत आहे, आणि मला ती जास्त भावते.

दुसरा तुकडा अवघड आहे. मागे जाण्याविरुद्धचं सगळ्यात बळकट वाटणारं शस्त्र म्हणजे आजोबांचं कोडं. पण ते नेमकं काय सिद्ध करतं? आजोबा मेले आणि मेले नाहीत, ह्या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत, एवढंच. म्हणजे मागे गेलेल्या नातवाच्या हातून ती हत्या होणार नाही. नातू तिथे पोचूच शकणार नाही, हे त्यातून निघत नाही. एकिवेरिया, क्लिंकहॅमर आणि किप थॉर्न ह्यांनी १९९१ मध्ये हेच कोडं माणसाऐवजी बिलियर्डच्या चेंडूवर सोडवून पाहिलं: चेंडू विवरात, म्हणजे ज्याचं दुसरं तोंड आधीच्या काळात उघडतं अशा अवकाश-काळातल्या भुयारात शिरतो, थोडा आधीच बाहेर येतो आणि स्वतःलाच धक्का देऊन वाटेवरून ढळवतो, तर काय होईल? त्यांना सुसंगत उत्तरं सापडली. बाहेर आलेला चेंडू पहिल्याला नुसता चाटून जातो, आणि त्या चाटण्यामुळेच पहिला नेमका तशा कोनात विवरात शिरतो. एकाच सुरुवातीतून अशी सुसंगत उत्तरं ढीगभर निघतात. खरी चिंता इथे आहे: त्यांतलं कोणतं घडणार हे सांगायला पदार्थविज्ञानापाशी साधन उरत नाही. निवृत्त शिक्षकांनी हे हत्यार उचललं असतं तर मी टाळी दिली असती.

दुसरा आक्षेप असा की भविष्यातून पाहुणे का येत नाहीत. गोव्यात राहणाऱ्याला तर हा प्रश्न पटकन सुचतो. जगभरची माणसं इथे येतात, पुढच्या शतकातलं कोणी कसं येत नाही? ह्याचं उत्तर सोपं आहे. विवरापासून कालयंत्र बनवायची जी कृती आज कागदावर आहे, तिच्यात यंत्र तयार झालं त्या क्षणाच्या अलीकडेच येता येतं. यंत्र बांधण्यापूर्वीच्या काळात जायला दार नाही. पुलाच्या बांधकामाआधी पुलावरून कोणी कसं येणार? निसर्गाने स्वतःच असं एखादं दार आरंभापासून उघडं ठेवलेलं असेल, तर हा बचाव लागू पडत नाही, हे मान्य. पण पाहुणे दिसत नाहीत एवढ्यावरून नियम काढता येत नाही.

आता ज्यांना मागे जाणं शक्य वाटतं त्यांच्याकडे वळतो. त्यांचा आधार समीकरणं. १९४९ मध्ये कुर्ट गोडेलने आइन्स्टाइनच्या सत्तरीनिमित्तच्या ग्रंथासाठी एक विश्व मांडलं: सगळं विश्वच फिरतं आहे, आणि त्यात पुरेसं लांब फिरून आलं तर माणूस स्वतःच्या भूतकाळात पोचतो. आइन्स्टाइनच्याच समीकरणांत ते तंतोतंत बसत होतं. आइन्स्टाइनने त्याची थोरवी मानली आणि विचारलं की भौतिक कारणांनी हे वगळावं लागेल का. ह्या एका प्रश्नात मला सगळा वाद दिसतो. ४०० चौरस मीटरच्या चौकोनी शेताची बाजू काढताना गणित २० सांगतं आणि उणे २० ही सांगतं. आपण उणे २० सोडून देतो. गोडेलचं विश्व तसंच सोडावं का? घाई नको. १९२८ मध्ये डिरॅकच्या समीकरणातून अशीच नकोशी ऋण उत्तरं आली होती. ती सोडून न देता त्यांचा पिच्छा पुरवल्यामुळे इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा भाऊ भाकितात आला, आणि १९३२ मध्ये अँडरसनला तो प्रत्यक्ष सापडला. कोणती ऋण उत्तरं शेताची आणि कोणती डिरॅकची, हे समीकरणाकडे नुसतं पाहून कळत नाही. निसर्गाला विचारावं लागतं. गोडेलच्या विश्वाविषयी विचारलं, आणि उत्तर नाही असं आलं: आपलं विश्व प्रसरण पावतं, आणि ते तसं फिरत असल्याची खूण विश्वाच्या पार्श्वप्रारणात (आरंभापासून सगळीकडे पसरून राहिलेल्या मंद प्रारणात) नाही. १९७४ मध्ये टिपलरने, ज्याच्याभोवती फिरून मागच्या काळात जाता येईल असा, फिरता दंडगोल सुचवला. गणित नीट बसायला त्याची लांबी अनंत लागते.

उरतं ते विवर, अवकाश-काळातलं भुयार. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. १९८७ च्या डिसेंबरमध्ये गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद ह्याच गोव्यात भरली होती. तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांत जयंत नारळीकर आणि सी. व्ही. विश्वेश्वर होते. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, मॉरिस आणि थॉर्न ह्यांनी माणसाला जाता येईल असं भुयार कागदावर उतरवलं, आणि युर्टसेव्हरला सोबत घेऊन त्याचं कालयंत्र कसं होईल हेही दाखवलं. त्यासाठी काय लागतं हे कळायला एका भारतीयाचं समीकरण हाताशी हवं. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधरींनी १९५५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे पेनरोज आणि हॉकिंग ह्यांचे गाजलेले सिद्धांत त्याच्याच पायावर उभे राहिले. त्याचा आशय साध्या शब्दांत असा: भोवऱ्यासारखी फिरकी नसेल, तर नेहमीचं वस्तुमान आणि ऊर्जा शेजारून जाणाऱ्या मार्गांना एकमेकांच्या जवळच आणतात, फाकवत नाहीत. आता भुयाराची कल्पना करा. एका तोंडातून आत जाणारे प्रकाशकिरण आवळत जातात आणि दुसऱ्या तोंडातून फाकत बाहेर पडतात. मध्ये त्यांना फाकवलं कोणी? नेहमीच्या पदार्थाला ते जमत नाही. तिथे ऋण ऊर्जा लागते, तीही भुयाराचा घसा उघडा धरून ठेवेल इतकी आणि तितका वेळ. म्हणजे मागे जाण्याचा सगळा प्रश्न ह्या एका जिनसापाशी येऊन थांबतो.

ऋण ऊर्जा ही नुसती कल्पना नाही, हे त्या पक्षाच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. १९४८ मध्ये काझिमीरने भाकीत केलं की निर्वात पोकळीत दोन धातूचे पत्रे अगदी जवळ ठेवले तर ते एकमेकांकडे ओढले जातील, कारण त्यांच्यामधल्या पोकळीतली ऊर्जा बाहेरच्या पोकळीहूनही कमी असते. १९९७ मध्ये लामोरोने हे बल काटेकोरपणे मोजलं. पण ही ऊर्जा अत्यल्प असते. शिवाय फोर्ड आणि रोमन ह्यांनी क्वांटम सिद्धांतातून दाखवलं की मोकळ्या अवकाशात ऋण ऊर्जेचा झोत जेवढा मोठा, तेवढा तो कमी वेळ टिकतो. उसनवारी जितकी मोठी तितकी लवकर फेडायची, असा तो व्यवहार आहे. अशा उसन्या ऊर्जेवर भुयार उघडं कसं धरणार?

म्हणून मला वाटतं उत्तर 'नाही' असेल. पण 'वाटतं' हा शब्द मी मुद्दाम ठेवतो. १९९२ मध्ये हॉकिंगने अटकळ मांडली की कालयंत्र बनण्याच्या बेतात आलं की निर्वात पोकळीतले चढउतार त्याच्यात पुन्हा पुन्हा फिरून साचतील आणि ते मोडून टाकतील. हॉकिंगसारख्याने हिला अटकळच म्हटलं, नियम म्हटलं नाही. १९९७ मध्ये के, राड्झिकोव्स्की आणि वाल्ड ह्यांनी दाखवलं की नेमक्या त्या उंबरठ्यावर आपलं गणितच कोलमडतं. पुढे बोलायला क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत हवा, आणि तो अजून तयार नाही. ज्या जागी हॉकिंगने जपून शब्द वापरला, तिथे आपण वाचनालयात 'थोतांड' म्हणून मोकळं कशाच्या बळावर व्हायचं?

आपल्याच इतिहासात ह्याला जुळणारं उदाहरण आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या यंत्राध्यायात पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांचं, आपोआप फिरत राहणारं चाक वर्णिलं. असं चाक फिरत राहत नाही हे आज शाळेतलं पोर सांगतं. म्हणून भास्कराचार्य लहान होत नाहीत. युरोपातही शेकडो वर्षं माणसं असली चाकं बांधत राहिली. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवलं की अशा यंत्रांचे प्रस्ताव ह्यापुढे तपासायचे नाहीत. निर्णय बरोबर होता, पण त्यामागचा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा कोणाकडे नव्हता. मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ ह्यांच्या हातून तो १८४० च्या दशकात उभा राहिला. चाक का फिरत नाही हा प्रश्न धरून बसलेल्या माणसांचं ते काम होतं. 'खुळेपणा' म्हणून सोडून दिलं असतं तर नियम हाती आला असता का? कालयंत्राचं तसंच होईल असं माझं मत आहे. ते बनणार नाही. पण ते का बनत नाही हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी काळ आणि गुरुत्वाकर्षण ह्यांविषयी आज ठाऊक नसलेलं काहीतरी मोठं आपल्याला कळलेलं असेल.

एका गोष्टीचा मला राग येतो. २०२२ च्या अखेरीस क्वांटम संगणकावर नऊ क्युबिट (त्या संगणकातली माहितीची एककं) वापरून केलेल्या एका प्रयोगाची बातमी 'शास्त्रज्ञांनी भुयार बनवलं' अशी फिरली. अवकाश-काळात कुठेही भोक पडलेलं नव्हतं. एका सोप्या केलेल्या प्रतिकृतीचं गणित त्या संगणकावर चालवलं होतं, आणि त्याचा अर्थ काय ह्यावर पुढे शास्त्रज्ञांतच वाद झाला. अशा बातम्या वाचून मुलं प्रश्न घेऊन येतात, आणि मोठी माणसं त्यांना कथा तरी सांगतात किंवा झिडकारतात तरी.

त्याच वाचनालयाने पुढच्या महिन्यात मला बोलावलं आहे. मी ककुद्मीची कथा सांगणार आहे, पूर्ण आणि प्रेमाने. मग फळ्यावर ३८ मायक्रोसेकंदांचा हिशेब मांडीन. त्यानंतर रायचौधरींचं समीकरण लिहीन. बारावीच्या मुलीला त्यातलं सगळं कळणार नाही, पण ऊर्जेचं पद कुठलं आणि त्याचं चिन्ह बदललं तर काय होतं, एवढं तिला नक्की कळेल. ते चिन्ह तिनेच बदलून बघावं म्हणून खडू तिच्या हातात देणार आहे. पहिल्या रांगेतल्या त्या दोघांनाही मी निरोप धाडला आहे, आणि दोघांनीही येतो म्हणून कळवलंय.